तांब्याचा पत्रा ठोकल्यावर कडक होतो, मग तापवल्यावर पुन्हा मऊ का पडतो?

ठोकल्याने तांब्याच्या स्फटिकांत दोष साचतात म्हणून तो कडक होतो, आणि तापवल्यावर जवळजवळ दोष नसलेले नवे स्फटिककण तयार होतात म्हणून मऊ पडतो. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर सबंध एकदम सरकत नाहीत. रचनेतल्या रेषेसारख्या दोषांच्या (डिसलोकेशन) आधाराने थोडे थोडे सरकतात. जाड सतरंजी ओढण्याऐवजी तिला सुरकुती पाडून ती पुढे ढकलावी, तसं. ही कल्पना 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. प्रत्येक घावासरशी असे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं घडवताना ते मधेच भट्टीत लालसर तापवतात ते याचसाठी. तसंच ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. शेवटचं मठारकाम (भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवणं) मात्र थंड भांड्यावर होतं. ते ठोके नुसते शोभेचे नाहीत, पातळ पत्र्याला खरी ताकद त्यांनीच येते, आणि म्हणून त्यानंतर भांडं पुन्हा तापवत नाहीत.

दोन गोष्टी लक्षात घ्या. तापवलेलं शुद्ध तांबं पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, तो गुण पोलादाचा. आणि हे सगळं धातूच्या वितळबिंदूवरही अवलंबून आहे: तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 ला, म्हणून शिशाचे कण साध्या खोलीतल्या उबेतही नव्याने बनतात आणि ते कितीही ठोकलं तरी मऊच राहतं.