गाळाच्या खडकांवरून जमीन खचल्याचं कसं कळतं? आणि चंद्रपूरला कोळसा, पुण्याला का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. खडकांचे थर बघून "इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन खचत होती" असं भूवैज्ञानिक कशाच्या जोरावर सांगतात, की तो नुसता अंदाज असतो? आणि चंद्रपूरला कोळसा आहे, मग पुण्याला का नाही? दोन्हींचं उत्तर एकाच पट्ट्यात मिळतं: वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या काठानं वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेलं गोंडवना खोरं (गोंडवना हे तिथल्या कोळसा असलेल्या जुन्या थरांच्या गटाचं नाव). म्हणून सगळ्या जगाचं न सांगता तिथलंच सांगतो.

मी कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरहोलचं लॉगिंग करतो. म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा दांडा, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, तो पेटीत ओळीनं मांडायचा आणि इंचाइंचानं बघून लिहून काढायचा. चंद्रपूरकडचा कोळसा ज्या थरांत आहे त्यांना बराकार म्हणतात. वय सुमारे 28 ते 29 कोटी वर्षं. त्याचा कोअर खालून वर वाचत गेलं की एक क्रम पुन्हा पुन्हा भेटतो. आधी भरड वालुकाश्म, त्यात फेल्डस्पार या खनिजाचे गुलाबी-पांढरे कण आणि तळाशी क्वार्ट्झचे गोटे. वर वाळू बारीक होत जाते. मग राखाडी शेल, म्हणजे चिखलाचा दगड, तो फोडला तर कधी ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानाचा ठसा, जिभेच्या आकाराचा, मधली शीर स्पष्ट. मग कोळसा. आणि कोळशावर एकदम पुन्हा भरड वाळू.

याचा अर्थ साधा आहे. नदीचं पात्र, मग पुराचं मैदान, मग दलदल. नदीनं वाट बदलली की त्या दलदलीवर पुन्हा वाळू. प्रत्येक वेळी पाणी उथळच, कारण झाडं खोल पाण्यात उभी राहत नाहीत. आता या खोऱ्यातल्या सगळ्या गोंडवना थरांची जाडी मोजा: 3 किलोमीटरहून जास्त भरते. तळापासून माथ्यापर्यंत बहुतेक सगळं नद्यांचं, तळ्यांचं आणि दलदलीचं काम. सुरुवातीलाच 3 किलोमीटरचा खड्डा तयार असता, तर तळाशी खोल पाण्यातला बारीक चिखल जाड थरांत मिळायला हवा होता. तो नाही. म्हणजे गाळ जितका साठत गेला, साधारण तितकाच तळही खाली जात राहिला, कोट्यवधी वर्षं.

हा युक्तिवाद माझा नाही. अमेरिकेत जेम्स हॉल यांनी 1857 मध्ये अॅपलाचियन पर्वतातल्या थरांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला होता. त्यांना वाटलं, गाळाच्या वजनानंच तळ दबला. पण गाळ हा भूकवचाखालच्या मँटल या थरातल्या खडकापेक्षा हलका असतो. त्याच्या भारानं आधीच सुरू झालेलं खचणं वाढतं. सुरू मात्र होत नाही. पहिला धक्का खालून, भूकवचाच्या ताणातून किंवा शेजारच्या पर्वताच्या ओझ्यातून यावा लागतो. "टेक्टॉनिक", म्हणजे भूकवचाच्या हालचालीतून आलेलं, हा शब्द इथून आत येतो, हवेतून नाही.

पुढचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. वालुकाश्माच्या उघड्या भिंतीकडे नीट बघा. मोठे थर आडवे दिसतात, पण एकेका थराच्या आत बारीक तिरप्या रेघा असतात. वाहत्या पाण्यात वाळूचे उंचवटे पुढे सरकताना वाळू उतारावर घरंगळते, त्या या रेघा. त्या ज्या बाजूला झुकलेल्या, तिकडे पाणी वाहत होतं. ब्रंटन कंपास (भूवैज्ञानिकांचं होकायंत्र) लावून दिशा मोजायची, नंतर आलेला थरांचा कल हिशोबातून वजा करायचा, आणि अशी शेकडो मोजमापं एकत्र मांडायची. एकदोन रेघांवर कुणी विश्वास ठेवू नये, नदी वळणं घेतेच. या खोऱ्यात उत्तर येतं ते बहुतांशी वायव्य ते उत्तर.

आजची प्राणहिता आणि गोदावरी आग्नेयेला वाहते, समुद्राकडे. तेव्हाच्या नद्या बरोबर उलट्या! कारण तेव्हा बंगालचा उपसागरच नव्हता. आपल्या पूर्व किनाऱ्याला अंटार्क्टिका जोडलेली होती आणि उंच प्रदेश त्या बाजूला होता. वाळूतल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचं युरेनियम-शिशावरून वय काढलं की त्यात सुमारे 100 कोटी आणि 50 कोटी वर्षांच्या आसपासचे कण मिळतात. त्या काळातल्या उलथापालथींच्या खुणा पूर्व घाटाच्या आणि अंटार्क्टिकाच्या खडकांत आहेत. दोन खंड सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी वेगळे होऊ लागले. जमिनीचा उतार फिरला, हे आपल्याला मुळात या तिरप्या रेघांमुळे कळतं.

आता तळाकडे. बराकारच्या खाली तालचीर नावाचे थर. हिरवट शेल, जो वाळला की सुईसारख्या काड्यांत तुटतो, आणि त्यातच मध्ये मोठमोठे, वेगवेगळ्या जातीचे धोंडे. चिखलात धोंडे टाकू शकणारी नदी नसते. हे बर्फाचं काम. ओडिशातल्या तालचीरला, जिथून या थरांना नाव मिळालं, ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी 1856 मध्येच हे बर्फाशी जोडलं होतं, तेव्हा भारतात हिमनद्या म्हणजे लोकांना थट्टा वाटली असणार. आपल्या चंद्रपूरजवळ इरई इथे तालचीरच्या खालचा पैनगंगा चुनखडक बर्फानं घासून ओरखडलेला सापडला. हाच चुनखडक गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांना लागतो.

आणि हा चुनखडक समुद्रातला आहे, तालचीरपेक्षा कितीतरी जुना, प्रोटेरोझोइक. खोऱ्याच्या दोन्ही कडांना असे प्रोटेरोझोइक गाळाचे पट्टे आहेत, त्याच वायव्य-आग्नेय दिशेत. म्हणजे बस्तर आणि धारवाड या दोन जुन्या भूखंडांच्या मधली ही शिवण आधी एकदा उसवली, तिथे समुद्र शिरला, भरला, मिटला. गोंडवना काळात ती पुन्हा त्याच रेषेवर उसवली. 13 एप्रिल 1969 ला भद्राचलमला 5.7 चा भूकंप झाला तो याच पट्ट्यात. जुनी दुबळी जागा पुन्हा पुन्हा वापरली जाते. खडकांचे दोन संच एकावर एक बघितल्याशिवाय हे कळलं नसतं.

इथे एक वाद सांगायलाच हवा. गोंडवना थर साधारण ईशान्येकडे कललेले आहेत. नैऋत्येकडून चालत निघालात तर जुन्या थरांकडून नव्या थरांकडे जाता: आधी तालचीर-बराकार, मग कामठी, मग मालेरीची लाल माती आणि शेवटी सिरोंचा तालुक्यातला कोटा, ज्या जुरासिक थरांतून बारापासॉरस हा डायनोसॉर निघाला. त्यामुळे मुख्य भ्रंश, म्हणजे जिच्या बाजूंनी खडक सरकले ती भेग, ईशान्य कडेला आहे असं मानतात. पण गाळ साठत असतानाच तो भ्रंश सरकत होता, की आधी गाळ दूरवर पसरला आणि नंतर भ्रंशामुळे एवढाच पट्टा झिजेपासून वाचला? दोन्ही मतांचे लोक आहेत. कसोटी अशी: साठताना भ्रंश जिवंत असेल तर त्याच्याकडे जाताना तोच थर जाड होत जातो आणि कड्याच्या पायथ्याशी अणकुचीदार दगडांचा खच मिळतो. नंतरचा असेल तर थर जाडी न बदलता अचानक तुटतो. माझं मत विचाराल तर दोन्ही घडलंय, खोऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी. एकाच बाजूनं ठाम बोलणाऱ्यानं बहुधा एकाच कोलफिल्डचे कोअर पाहिलेले असतात.

खचण्याचा वेग काढायचा तर आजची जाडी तशीच धरून चालत नाही. जुन्या गादीतल्या कापसासारखे खालचे थर दबलेले असतात. चिखल खूप दबतो, दलदलीतला पालापाचोळा तर कोळसा होताना कित्येक पट. म्हणून वरून एकेक थर संगणकात काढून टाकायचा, खालच्यांना मूळ जाडीवर फुगवायचं, गाळाच्या वजनाचा वाटा वजा करायचा. उरतं ते निव्वळ टेक्टॉनिक खचणं. कवच ताणलं गेलं असेल तर काळाप्रमाणे मांडलेला खचण्याचा आलेख आधी भराभर उतरतो, मग तापलेला तळ निवत जातो तसा मंदावतो. डॅन मॅकेन्झी यांनी 1978 मध्ये याचं गणित दिलं. पर्वताच्या ओझ्यानं दबलेल्या खोऱ्यात उलटं: पर्वत जवळ येतो तसा वेग वाढतो. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत ते दिसतं, शिवाय वर जाताना वाळूच्या जागी गोटे येतात, आणि खनिजं आधी स्टॉरोलाइट, मग कायनाइट असा क्रम धरतात, म्हणजे मागचा पर्वत थराथरानं सोलला जात होता. गोंडवनातले आलेख मात्र जरा ओबडधोबड असतात, कारण थरांची वयं मुख्यत्वे परागकण, बीजाणू आणि प्राण्यांच्या जीवाश्मांवरून ठरवलेली आहेत.

राहिलं पुणं. काळ्या दगडाखाली कोळसा दडला असेल अशी आशा बऱ्याच जणांना असते. विदर्भात ते खरंही आहे. वर्धा खोऱ्याच्या वायव्येला गोंडवना थर दख्खन ट्रॅपखाली, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या बेसाल्टखाली, शिरतात. पण कोळशासाठी जमीन योग्य काळात खचलेली असावी लागते. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतला तेव्हा 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ, आणि लगेच जुना पाया. कोयनेत तर सुमारे 930 मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक, मध्ये गाळ नाहीच. पुण्याखाली एवढं खोल कुणी पाहिलेलं मला माहीत नाही, पण कोयना फार लांब नाही. चंद्रपूरची जमीन 30 कोटी वर्षांपूर्वी खचू लागली. कोयना-किल्लारीकडची तेव्हा उंच, घट्ट आणि कोरडी राहिली असावी. किंवा थोडाफार गाळ आला असलाच तर लाव्हा येण्याआधीच धुऊन गेला.