डॉक्टर, तेवढं एक विचारायचं राहिलंच!

प्रश्न : माझा भाचा नुकताच डॉक्टर झालाय, ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करतो. तो सांगतो की रात्री दोन वाजता लोक येतात आणि म्हणतात तीन महिन्यांपासून पाठ खाजतेय. खरंच असं असतं की पोरगं फेकतंय? आणि खरं असेल तर तुम्हा लोकांना राग कसा येत नाही?
— एक मामा, कराड

उत्तर : मामा, पोरगं फेकत नाहीये, उलट हातचं राखून सांगतंय. माझ्याकडे असाच एक गडी पहाटे तीनच्या सुमाराला आला होता, तक्रार काय तर पायाला भेगा पडल्यात, कधीपासून तर दिवाळीपासून, आणि तेव्हा मार्च संपत आलेला. मी डोळे चोळत विचारलं, अहो मग आत्ताच का? तर म्हणाला, "शेतीची लाईट रातची हाय न्हवं साहेब, मोटार चालू करायला उठलोच हुतो, म्हटलं डॉक्टरबी जागंच असत्याल." आता ह्याच्यावर काय बोलणार? त्याच्या बाजूनं बघितलं तर हिशोब एकदम चोख होता.

राग येतो की, न यायला काय झालं. सुरुवातीची वर्षं तर फारच येतो. पण ह्याच गड्याला मलम लिहून दिलं, दारापर्यंत गेला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "बांध चढताना छातीत जरा दाटतंय, त्ये गॅसचंच असंल न्हवं?" परत आत बसवला, ईसीजी काढला आणि उजाडायच्या आत जिल्ह्याच्या गावी पाठवला. भेगा हे निमित्त होतं. माणूस मोठी भीती अशी एकदम टेबलावर ठेवत नाही, आधी काहीतरी फुटकळ ठेवून डॉक्टरचा अंदाज घेतो, आणि खरं काय ते निघताना सांगतो. भाच्याला सांगा, पेशंट दाराबाहेर पडेपर्यंत पेनला टोपण लावायचं नाही.

बाकी निव्वळ करमणूक पण भरपूर असते हां. एक पन्नाशीचे गृहस्थ अख्खं कुटुंब घेऊन आले, बायको रडवेली, मेव्हणा फाईल धरून, सगळे गप्प. छातीच्या खाली मधोमध कडक गाठ लागलीय, मोबाईलवर सगळं वाचून झालंय, मुलीचं लग्न अलीकडे घ्यावं का इथपर्यंत चर्चा पोचलेली. हात लावून बघितलं तर ते छातीच्या हाडाचं खालचं टोक! सगळ्यांनाच असतं ते, तरुणपणी कुर्चेचं असतं आणि चाळिशीनंतर हळूहळू हाडासारखं टणक होत जातं, आणि ह्यांनी डाएट करून पोट कमी केलेलं म्हणून ते हाताला लागायला लागलं. नुसतं सांगून पटेना, तेव्हा म्हटलं जरा आपापली छाती चाचपून बघा. मेव्हण्यानं बघितली, मग वहिनींनी, मग दारातल्या कंपाउंडरनं पण, आणि पाच मिनिटं माझ्या केबिनमध्ये सगळे स्वतःची गाठ शोधत उभे. जाताना मेव्हणा म्हणतो, "डॉक्टर, माझी जरा डावीकडं आहे, चालेल ना?"

आणि बाजाराच्या दिवशी एका केसपेपरवर पाच जण तपासून घेतात ती गंमत वेगळीच, त्याच्यावर मी काही बोलत नाही, आमचेच नातेवाईक पण त्यात असतात.

प्रश्न : सासूबाईंना दर महिन्याला सलाईन लागतं. थर्मामीटरमध्ये ताप येत नाही तरी म्हणतात हाडीताप आहे, अंगात मुरलाय, आणि बाटली लावली की दुसऱ्या दिवशी खरोखर टुणटुणीत. हे काय गौडबंगाल आहे?
— सूनबाई, बार्शी

उत्तर : ताई, आधी बाटलीत काय असतं ते सांगतो. साध्या सलाईनच्या 500 मिलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. ग्लुकोजची 5 टक्केवाली असेल तर 25 ग्रॅम साखर, पाचेक चमचे. बाकी पाणी. म्हणजे झालं लिंबू सरबतच, तेही बिनलिंबाचं. ज्याला उलट्या-जुलाबानं तोंडानं काही ठरत नाही, शरीरातलं पाणी गेलंय, त्याचा जीव ह्याच बाटलीनं वाचतो, पण धडधाकट चालत आलेल्या माणसाला तिचा उपयोग तेवढ्यापुरताच. आमच्याकडे तर आज्या रंग पण सांगतात, "पांढरी नको, पिवळी लाव, मागच्या टायमाला पिवळीनं गुण आला." तो पिवळा रंग व्हिटॅमिनच्या इंजेक्शनचा. नंतर लघवी पिवळीजर्द झाली की त्याच आज्या कावीळ झाली म्हणून परत येतात!

मग टुणटुणीत कशा होतात? माझं मत विचाराल तर त्या दिवशी त्या दोन-अडीच तास पंख्याखाली आडव्या असतात, कुणी चहा मागत नाही, मुलगा कामधंदा सोडून उशाशी बसतो, शेजारच्या बायका बघायला येतात. एवढं मिळालं तर मला पण गुण येईल. पण थट्टा बाजूला, दर महिन्याला अंग मोडून येतंय म्हणजे एकदा हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉईड बघून घ्या, आणि शुगर निघाली तर ग्लुकोजची बाटली हौसेनं लावून घेऊ नका. तापाचं म्हणाल तर शंभर पॉईंट चारच्या पुढे गेला की आम्ही ताप धरतो, 99 ला घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : सकाळी लघवी लाल झाली, घाम फुटला, ऑफिस बुडवून डॉक्टरकडे पळालो. त्यांनी विचारलं रात्री काय खाल्लं? बीटची कोशिंबीर! सिस्टर तोंड फिरवून हसत होत्या. घरी अजून चिडवतात. मी गेलो हे चुकलं का?
— लाजलेला वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात नाही. बीटानं काही लोकांची लघवी लाल होते, काहींची होत नाही, म्हणून तर घरात एकट्या तुमचीच झाली. एक-दोन दिवसांत रंग जातो. पण बीट खाल्लं नसताना लाल झाली, आणि काही दुखत नसलं तरी, लगेच दाखवायचं. चाळिशी उलटलेल्या आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांनी तर उद्यावर ढकलायचंच नाही.

सिस्टर हसल्या तर हसू द्या. आम्हाला खरी धडकी भरते ती न येणाऱ्यांची. छाती दाबल्यासारखी होतेय, घाम सुटलाय, हात नाहीतर जबडा दुखतोय, आणि हे बसलेत जिरं-ओवा चावत, वर सोडा पीत. त्यांनी 108 ला फोन लावायचा, आणि गाडी स्वतः चालवत यायचं नाही.