गाणं लागलं की सगळे माझ्याकडे बघतात

प्रश्न : ताई, मी लातूरची, वय 20, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. बाबांचं एकच पालुपद, हल्लीच्या गाण्यांना ना अर्थ ना संस्कार, आणि पोरं तीच ऐकतात म्हणजे पोरांनाही कशाची चाड राहिली नाही. मी म्हणते गाणं नाचायला असतं, शब्द कोण ऐकतं. पण मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीत डीजेने 'तांबडी चामडी' लावलं आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, ये गं, तुझं गाणं लागलं. सगळे हसले. माझा रंग चांगलाच काळा आहे. मी नाचले, हसले पण, नंतर मात्र खूप रडू आलं. गाणं मला आवडतं हो. मग राग नक्की कशाचा आला? आणि बाबांचं खरंय का? (नाव छापू नये)

उत्तर : अगं, राग आला ते बरोबरच आहे, फक्त तो गाण्यावरचा नाहीये.

आधी बाबांचं बघू. त्यांनी ऐकलेली जुनी गाणी काढ, गोरे गाल, गोरे हात, प्रेयसीला हाक मारायची तरी गोरीच. 1965 च्या 'गुमनाम'मध्ये मेहमूद म्हणतो, हम काले हैं तो क्या हुआ दिलवाले हैं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आजही वाजतं, पण नीट ऐक, काळं असणं हा जणू गुन्हाच आणि मन चांगलं आहे म्हणून तो पोटात घाला असा त्याचा सूर, आणि हे म्हणायला पडद्यावर कोण तर विनोदी नट, हिरो नाही. म्हणजे गाण्यात संस्कार तेव्हाही होते, पण कसले होते ते बाबांना एकदा विचार.

तुझं ते 'शब्द कोण ऐकतं' पण मला पटत नाही हां. 2015 ला 'चिट्टियाँ कलाइयाँ' आलं, सरळ सरळ गोऱ्या मनगटांचं गाणं, त्यावर गॅदरिंगला डान्स बसले आणि फारसं कुणाला खटकलं नाही. पाचच वर्षांनी, 2020 ला, एका हिंदी गाण्यात हिरो म्हणाला की गोरिया तुला बघून बियॉन्से, म्हणजे ती अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका, लाजेल, तर नेटवर लोकांनी असं झोडपलं की बियॉन्सेचं नाव काढून तिथं 'दुनिया' टाकावं लागलं. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीमधलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. शब्द कुणी ऐकतच नसतं तर हे झालं असतं का?

आणि मग 2024 ला डीजे क्रेटेक्स आणि गायक श्रेयसचं हे तुझं आवडतं 'तांबडी चामडी'. मराठी शब्द, हाऊस म्युझिकचा, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा ठेका, काढलं कुणी तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या म्युझिक कंपनीने. चामडी उन्हात चमकते म्हणतो आणि पुढे लका लका, संपलं. त्यात 'काळी असली तरी' नाही, 'मन गोरं आहे' नाही, कुणाची माफी मागणं नाही, मला तर हे फार मोठं वाटतं. पण म्हणून पोरांच्या डोक्यातून रंग गेला असं मी म्हणणार नाही, कारण निम्मे लोक नुसत्या बीटवर नाचतात. गाण्यात काय लिहिलंय त्यापेक्षा ते लागल्यावर पोरं काय करतात हे मी बघते. तुमच्याच मांडवात बघ ना, एकीकडे नवरीला हळद चोळताना बायका म्हणणार आता कशी उजळेल बघ, दुसरीकडे डीजेवर हे गाणं, आणि दोन्हीकडे माणसं तीच. आत्याचं एक वेळ सोडून दे, तुझ्या वयाची जी भावंडं हसली त्यांना ते गाणं तोंडपाठ असणार, आणि मला वाटतं तुला तेच जास्त लागलंय.

आत्याशी एकटीनेच बोल, फोनवर नको, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको. मला ते लागलं एवढंच सांग, भाषण देऊ नकोस. जमलं तर तिच्या लग्नाच्या वेळी तिला रंगावरून काय काय ऐकावं लागलं तेही विचार, बहुतेक घरांत असं काहीतरी निघतंच. भावंडांपैकी ज्याच्याशी जास्त पटतं त्याला आधी गाठ आणि तू का हसलास म्हणून सरळ विचार. आणि बाबांशी भांडताना 'गाणं नाचायला असतं' हे आता म्हणू नकोस, ते तुलाच खरं वाटत नाहीये.