तासगावच्या ताईंचा प्रश्न: लॅपटॉपची जादा वॉरंटी ७,५०० ला घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलीला सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन मिळालंय, तासगावहून रोज एसटीनं जाणार, परीक्षेच्या दिवसात सांगलीच्या गावभागात मावशीकडे राहणार. लॅपटॉप ६२,००० चा ठरलाय. दुकानदार म्हणतोय ७,५०० मध्ये ३ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, ईएमआयमध्येच बसवून देतो. कंपनीचं स्वतःचं ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर, म्हणजे पडणं-सांडणं अशा अपघाती नुकसानीचं, वर्षाला २,२०० ला आहे, पण त्याबद्दल तो फारसं बोलत नाही. घर द्राक्षबागेवर, बेदाणा विकला की मगच हातात मोठी रक्कम येते.

माझं स्पष्ट मत, ७,५०० वाली घेऊ नका, २,२०० वालं घ्या. आता का ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ती ३ वर्षं खरी ३ नाहीत. कंपनीची १ वर्षाची वॉरंटी लॅपटॉपबरोबर फुकट येतेच आणि दुकानातल्या बहुतेक प्लॅनमध्ये ते वर्ष धरूनच ३ म्हणतात, म्हणजे तुम्ही पैसे देताय फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. कोर्स ४ वर्षांचा, प्रोजेक्टचं शेवटचं वर्ष तसंही उघडंच राहतं. आणि हिशोब बघा, मदरबोर्ड गेला तर समजा २५,००० खर्च धरू. ७,५०० म्हणजे त्याचे ३० टक्के. १०० लॅपटॉपपैकी ३० चा मदरबोर्ड त्या दोन वर्षांत जाणार असेल तर हा सौदा बरोबरीत सुटतो, आणि एवढे जातात असं मला अजिबात वाटत नाही, कारण कारखान्यातला दोष असला तर तो बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांतच बाहेर येतो आणि तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वॉरंटी म्हणजे वस्तूतल्या दोषाची हमी. आपल्या हातून पडलं, चहा सांडला, स्क्रीन दाबून फुटली, व्होल्टेज वर-खाली होऊन काही जळलं, हे त्यात येत नाही, आणि वॉरंटी एक्स्टेंड केली तरी तेच नियम पुढं चालू राहतात, फक्त तारीख वाढते. बिजागरी तुटली तर सर्व्हिस सेंटरवाले ती फिजिकल डॅमेज म्हणून बाजूला काढतात, त्यावरून किती भांडणं होतात. बॅटरीला बऱ्याच कंपन्या १ वर्षच देतात, प्लॅन वाढवला तरी. आता तुमच्या मुलीचा लॅपटॉप सकाळच्या गर्दीच्या एसटीत सॅकमध्ये असणार, वर कुणाची तरी पिशवी, उभ्यानं प्रवास, मग कॉलेजात लॅब, कॅन्टीन. धोका कुठंय ते तुम्हीच सांगा. द्राक्षबागेत डाऊनी रोग आलाय आणि आपण भुरी या दुसऱ्याच रोगाचं औषध मारतोय असं होईल.

म्हणून ॲक्सिडेंटल कव्हर. पण ते पण डोळे झाकून नको. वर्षात किती क्लेम चालतात विचारा, बऱ्याच ठिकाणी एकच असतो. चोरी किंवा हरवणं यात साधारणपणे नसतंच. खरेदीबरोबरच घ्यावं लागतं का नंतर किती दिवसांत घेता येतं ते विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा की दुसऱ्या वर्षी हेच कव्हर वाढवायचं तर कंपनीची मूळ वॉरंटी पण वाढवावी लागते का. पुराचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, ॲक्सिडेंटलमध्ये पण बऱ्याचदा वगळलेलं असतं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावभागात काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की मुलीनं लॅपटॉप घेऊन सरळ तासगावला यायचं.

आता पैशाची बाजू. नोकरदार माणसाला मी म्हणलो असतो की कव्हर राहू दे, बिघडला तर पुढच्या पगारात बघू. तुमचं तसं नाहीये. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधं, मजूर, सगळा खर्चच खर्च, आणि नेमकी त्याच वेळी स्क्रीन फुटली तर ८,००० सुद्धा जड जातात आणि मग सावकाराकडे नाहीतर क्रेडिट कार्डाकडे हात जातो, मला तुमची काळजी तिथं वाटते. म्हणून पहिल्या वर्षी वाचलेल्या ५,३०० चं असं करा, ते मुलीच्या नावानं वेगळ्या खात्यात टाका आणि बेदाणा विकला की दरवर्षी त्यात ५,००० घाला. चौथ्या वर्षात बॅटरी बदलायची वेळ आली तरी हे पैसे कामाला येतील. दुकानाचा प्लॅन तोवर संपलेला असेल.

मदरबोर्डची धाकधूक राहिलीच तर आजच ठरवायची गरज नाही. बहुतेक कंपन्या पहिली वॉरंटी संपायच्या आत स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी ऑनलाइन विकतात. मोबाईलमध्ये अकराव्या महिन्याचं रिमाइंडर लावा, तोपर्यंत मशीन कसं चाललंय ते कळलेलं असेल, मग ठरवा. दुकानाच्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा रिपेअर भलतीच कंपनी करते, घसारा म्हणजे वस्तू जुनी झाल्याची रक्कम कापते, कधी पार्ट ओरिजिनल मिळत नाही, कंपनीच्या प्लॅनमध्ये निदान दार एकच असतं. तासगावला घरी येऊन दुरुस्ती देतात का सांगली-कोल्हापूरला नेऊन द्यायचा ते पण आत्ताच विचारून घ्या, रोज कॉलेज असणाऱ्या पोरीला तो फरक मोठाय.

ईएमआयमध्ये वॉरंटी अजिबात घालू नका. नो कॉस्ट म्हणतात तिथंही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावरच्या ईएमआयला व्याजावर जीएसटी लागतो, आणि वॉरंटीची रक्कम त्या लॅपटॉपच्या ऑफरमध्ये बसतेच असं नाही, कधी कधी तेवढ्यावर वेगळं व्याज लागतं. २,२०० रोख द्या.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सिरियल नंबर हवा, आणि घरी आल्या आल्या कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. कधी कधी तिथं माल कारखान्यातून निघाल्याची तारीख धरलेली असते, बिल पाठवलं की ती दुरुस्त होते, पण हे पहिल्याच आठवड्यात करायचं.

आणि दुकानदार म्हणाला की वॉरंटी घेतली तरच हा लॅपटॉप देतो, तर ऐकू नका. एका वस्तूबरोबर दुसरी गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बसत नाही, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार करता येते. पण त्याआधी शांतपणे दुसऱ्या दुकानात भाव विचारा, सांगलीत दुकानांना तोटा नाही.