तारेवरचे कापू नकोस

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा तक्ता मिळाला. ८ केबी रॅम आणि ६४ केबी फ्लॅश असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर टीसीपी/आयपी (इंटरनेटवर बोलण्याचे नियम) बसवायचे म्हणून तू आरएफसींतल्या, म्हणजे इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांतल्या, अटींचे दोन रकाने केले आहेस, ‘ठेवायचे’ आणि ‘गाळायचे’. एआरपी (आयपी पत्त्यावरून इथरनेट पत्ता शोधणे) चालते, पिंगला उत्तर जाते, लॅपटॉपवरून जोडणी उघडते. आता उरलेल्यातले काय गाळले तर चालेल, असे तू विचारतेस. गाळायच्या रकान्यात पुनर्प्रेषण (मिळाल्याची पोच न आलेले पुन्हा पाठवणे), शून्य विंडो (‘आता जागा नाही, थांब’ ही सूचना), आरएसटी (जोडणी रद्द करणारे पॅकेट), चेकसमची तपासणी (पॅकेट बिघडले नाही ना हे बेरजेने पाहणे) आणि एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती मजकूर घेऊ हे सांगणारा पर्याय) ही नावे ओळीने वाचताना मला आधी राग आला. मग लक्षात आले की हा रकाना तुझा नाहीच, तो तुला कोणीतरी वरून सांगितलेला आहे. “आपल्या एवढ्याशा उपकरणाला हे सगळे कशाला लागते?” हे वाक्य मी पुष्कळ वर्षे पुष्कळ शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकत आलो आहे.

तेव्हा तक्त्यावर ओळीओळीने अभिप्राय देत बसत नाही, एक कसोटी देतो. जे समोरच्या यंत्राला तारेवर दिसते ते कापायचे नाही. जे केवळ तुझ्या उपकरणाच्या आत आहे ते हवे तेवढे कापावे. तार म्हटले की रेडिओही त्यात आला. ही कसोटी माझ्या पदरची नाही. अ‍ॅडम डंकल्स यांनी ८-बिट प्रोसेसरांसाठी यूआयपी (टीसीपी/आयपीचे काम करणारा छोटा कोड, म्हणजे ‘स्टॅक’) लिहिले आणि २००३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी १९८९ च्या आरएफसी ११२२ मधील अटींची अशीच वाटणी केली होती: यंत्रायंत्रांमधल्या व्यवहाराच्या अटी पाळायच्या, आणि स्टॅक व अ‍ॅप्लिकेशन यांच्यामधल्या सोयींपैकी काही सोडून द्यायच्या. काहीशे बाइट रॅम आणि काही केबी कोड एवढ्यात खरेखुरे टीसीपी बसते हे त्यांनी दाखवून दिल्यानंतर ‘जागा नाही’ ही सबब मी सहजासहजी ऐकून घेत नाही. तुझ्याकडे वीस-तीस केबी रॅम मोकळी असती तर त्यांचेच एलडब्ल्यूआयपी (थोडा मोठा स्टॅक) घे आणि स्वतःचे काही लिहू नकोस, असे सांगून हे पत्र इथेच संपवले असते. तेवढी ती नाही, म्हणून पुढे लिहितो.

आतले काय कापता येते ते आधी पाहू, कारण खरी बचत तिथेच आहे. नेहमीच्या सॉकेटमागे प्रत्येक जोडणीचा स्वतःचा पाठवणीचा बफर असतो, कारण पाठवलेले बाइट पोच येईपर्यंत कुठेतरी जपून ठेवावे लागतात. यूआयपीने तो बफरच काढून टाकला. आलेले पॅकेट आणि जाणारे पॅकेट एकाच बफरमध्ये. पोच वेळेत आली नाही तर स्टॅक अ‍ॅप्लिकेशनला सांगतो की मघाचा मजकूर पुन्हा तयार करून दे. यात अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला त्रास होतो हे मान्य आहे, आणि तो होऊ द्यावा, कारण तारेवर त्याचा मागमूस नसतो. मात्र इथे एक खाच आहे. तुझे उपकरण तापमान पाठवते. पहिल्यांदा २७.४ गेले, पोच हरवली, स्टॅकने पुन्हा मागितले आणि तुझ्या कोडने सेन्सर नव्याने वाचून २७.५ दिले, तर त्याच सिक्वेन्स क्रमांकावर (जोडणीतल्या बाइटांचा अनुक्रम) दोन वेगवेगळे बाइट तारेवर गेले. समोरच्याकडे त्यांतला कोणता राहील ते तुझ्या हातात नाही, आणि नवा मजकूर एका बाइटाने जरी लांब झाला तरी पुढचा सगळा हिशेब सरकतो. म्हणून ते मोजलेले चार-सहा बाइट जोडणीच्या नोंदीत ठेव आणि पोच आल्याशिवाय सेन्सरकडे वळू नकोस. बफर वाचव, पाठवलेले अक्षर बदलण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

एमएसएस तू कोणत्या विचाराने गाळलेस ते मला खरोखर समजले नाही, कारण अंथरूण पाहून पाय पसरण्याची जी सोय टीसीपीने दिली आहे ती हीच. आयपी वापरणाऱ्या प्रत्येक यंत्राने ५७६ बाइटांपर्यंतचे डेटाग्रॅम (आयपीचे पॅकेट) घेतलेच पाहिजे. त्यातून आयपी आणि टीसीपी या दोन्ही हेडरांचे ४० वजा केले की ५३६ उरतात, आणि पर्याय पाठवलाच नाही तर समोरच्याने तेवढेच धरायचे असते. इथरनेट हेडरचे १४ धरून ५९० बाइटांचा एक बफर, घोषित एमएसएस ५३६ आणि विंडोही (आत्ता किती बाइट घेता येतील याची घोषणा) तेवढीच, एवढ्यात तुझे काम होते. पर्याय लिहायला चार बाइट लागतात, तेवढे स्पष्ट लिही. तारेवर कमी बोलायला काहीच हरकत नाही. मात्र १४६० ची विंडो जाहीर करून आलेले फेकून द्यायचे, हे खोटे बोलणे झाले.

एका वेळी एकच सेगमेंट (टीसीपीचे पॅकेट) पाठवण्याची किंमत मात्र मोजावी लागते, तीही सांगून ठेवतो. समोरचा स्टॅक दुसऱ्या सेगमेंटची वाट पाहत पोच रोखून धरतो. आरएफसी ११२२ ने त्याला अर्ध्या सेकंदाहून कमी उशीर करण्याची परवानगी दिली आहे आणि अनेक ठिकाणी तो २०० मिलिसेकंद असतो. म्हणजे सेकंदाला पाच सेगमेंट, २,६८० बाइट. हे पाहून लोक गडबडतात आणि पोच यायच्या आतच पुनर्प्रेषणाचा टाइमर उडवतात. तसे करू नकोस. त्याच बफरमधला मजकूर अर्धा-अर्धा करून लागोपाठ दोन सेगमेंटांत पाठव. दुसरा पोहोचला की पोच बहुधा लगेच येते. ही युक्तीही यूआयपीचीच, आणि तिने तारेवरचा एकही नियम मोडत नाही.

आता तुझ्या त्या सहा शून्यांकडे वळतो. जोडणी उघडताच अ‍ॅप्लिकेशनला सहा शून्य बाइट मिळतात, ड्रायव्हर लिहिणारा म्हणतो दोष स्टॅकचा आणि तू म्हणतेस ड्रायव्हरचा. दोष तुझ्या स्टॅकचा आहे. लॅपटॉपकडून जोडणी उघडतानाच्या हस्तांदोलनातले शेवटचे पाऊल म्हणून नुसती पोच येते: इथरनेटचे १४, आयपीचे २०, टीसीपीचे २०, मिळून ५४ बाइट. शेवटचा सीआरसी (बिघाड ओळखण्याचा तपास-आकडा) सोडला तर इथरनेटची फ्रेम ६० बाइटांहून लहान चालत नाही, म्हणून पाठवणारा तिच्या मागे सहा बाइटांची भर घालतो. ड्रायव्हर तुला ६० सांगतो, ते बरोबरच आहे. तू त्यातून ५४ वजा करून उरलेल्याला मजकूर समजतेस, ते चूक आहे. मजकुराची लांबी आयपी हेडरमधल्या एकूण लांबीवरून काढायची असते. आणि आता खरी मजा पाहा. टीसीपीच्या चेकसममध्ये आभासी हेडरमधली (फक्त हिशेबापुरत्या धरलेल्या हेडरमधली) टीसीपीची लांबीही मिळवलेली असते. शून्यांनी बेरीज बदलत नाही, पण २० ऐवजी २६ लांबी धरल्याने ती सहाने चुकली असती आणि हा दोष पहिल्याच पॅकेटला उघडा पडला असता. “इथरनेटला सीआरसी आहेच” म्हणून तू ती तपासणी गाळलीस. सीआरसी एका टप्प्यापुरता असतो. राउटर पुढच्या टप्प्यासाठी तो नव्याने काढतो, आणि मधल्या मेमरीत बिघडलेला बाइट नव्या, अगदी बरोबर सीआरसीसह तुझ्यापर्यंत येतो.

लांबीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट माझ्या आवडत्या उदाहरणाच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया:३३’ या नावाने चार छोट्या स्टॅकांतल्या ३३ सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्या, आणि त्या चारांत यूआयपी होते. पॅकेटात लिहिलेल्या लांबीवर न तपासता ठेवलेला विश्वास हे अशा त्रुटींमागचे नेहमीचे कारण असते. कोणी म्हणेल की मग तुमच्या कसोटीचे काय झाले? माझे उत्तर असे की कसोटी तीच आहे. तारेवरून येणारी लांबी ही परक्याने केलेली घोषणा असते आणि ती पडताळणे हा तारेवरच्या व्यवहाराचाच भाग आहे. आयपीची एकूण लांबी हातात आलेल्या बाइटांपेक्षा जास्त नाही ना, हेडरची लांबी २० पेक्षा कमी नाही ना, टीसीपीचा डेटा ऑफसेट (मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा) पॅकेटाबाहेर जात नाही ना, पर्यायांच्या यादीत शून्य लांबीचा पर्याय येऊन तुझा लूप जागीच फिरत राहणार नाही ना, या चार तुलना आहेत. त्यांना किती फ्लॅश लागते ते कंपाइल करून स्वतःच पाहा, आणि मग मला जागेचे सांग.

पुनर्प्रेषण नको असेल तर यूडीपी (पोच नसलेली साधी पाठवणी) घ्या, असा सल्ला तुला मिळालेला दिसतो. जरूर घ्यावा. मग पोच, टाइमर आणि दुबार आलेल्या संदेशाची ओळख हे सगळे अ‍ॅप्लिकेशनमध्ये स्वतः लिहावे लागेल. २०१४ च्या आरएफसी ७२५२ मध्ये, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीच्या कोअ‍ॅप या प्रोटोकॉलमध्ये, हे काम नीट करून ठेवले आहे: पहिली वाट दोन ते तीन सेकंद, प्रत्येक वेळी दुप्पट, जास्तीत जास्त चार पुनर्प्रेषणे. यूडीपी घेतल्याने पुनर्प्रेषण टळत नाही, फक्त त्याची जागा बदलते. शून्य विंडोचेही तसेच. सर्व्हरने शून्य सांगितले, पुढे जागा झाल्यावर तसे कळवणारी पोच पाठवली आणि ती वाटेत हरवली, तर नुसती पोच कोणीही पुन्हा पाठवत नसतो. तू सर्व्हरची वाट पाहतेस आणि सर्व्हर तुझी. तू अधूनमधून चाचपणीचे पॅकेट पाठवले नाहीस तर ही जोडणी सुटणार नाही. टेबलावर हे कधी दिसत नाही, म्हणूनच ते गाळायच्या रकान्यात जाते.

आरएसटीबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. वीज जाऊन आली, तुझे उपकरण नव्याने सुरू झाले, पण सर्व्हरच्या लेखी जुनी जोडणी जिवंतच आहे. साध्या स्टॅकचा पोर्ट क्रमांक दर वेळी एकाच आकड्यापासून सुरू होतो, म्हणून तुझा एसवायएन (जोडणी मागणारे पहिले पॅकेट) नेमका जुन्याच पोर्टवरून जातो. सर्व्हर त्याला जुन्या हिशेबातली पोच पाठवतो. अशा न जुळणाऱ्या पोचेला आरएसटीने उत्तर द्यावे, असे १९८१ च्या आरएफसी ७९३ ने सांगितले आणि २०२२ च्या आरएफसी ९२९३ नेही ते तसेच ठेवले. त्या आरएसटीने सर्व्हर जुनी जोडणी पुसतो आणि तुझा पुढचा एसवायएन स्वीकारला जातो. तू ती अनोळखी पोच गुपचूप फेकून दिलीस तर तू एसवायएन पाठवत राहशील, तो तीच पोच पाठवत राहील, आणि सर्व्हरला स्वतःहून जुनी जोडणी सोडायची बुद्धी होईपर्यंत हा खेळ चालेल.

एका कामात नेमका हाच तुकडा काढून टाका असे मला सांगण्यात आले होते. कोड फ्लॅशमध्ये थोडक्यात मावत नव्हता आणि मुदत तोंडावर आली होती. मी नकार दिला, जागा दुसरीकडून काढून देतो म्हणालो, आणि वाद इतका वाढला की ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. तो तुकडा वगळूनच उपकरण बाहेर पडले आणि माझ्या माहितीप्रमाणे ते व्यवस्थित चालले, कारण त्यांचा सर्व्हर थोडा वेळ शांत असलेल्या जोडण्या स्वतःच बंद करत असे. त्या वादात एक चांगला मित्र दुरावला याची हळहळ मला आजही आहे. मतात मात्र फरक पडलेला नाही. त्यांचे उपकरण त्यांच्या सर्व्हरच्या एका सवयीवर उभे होते, आणि ती सवय कोणत्याही आरएफसीत लिहिलेली नव्हती. सर्व्हर बदलला असता तर दोष कोणी कुठे शोधला असता? मी हट्टी होतो असे म्हणणाऱ्यांना मी अजून हाच प्रश्न विचारतो.

आयपीच्या तुकड्यांची जुळणी (वाटेत फुटलेले पॅकेट पुन्हा जोडणे) तू भीत भीत ‘गाळायचे’मध्ये लिहिलीस, आणि तिथे मी कुरकुरत का होईना सही करतो. नियमाने ती करायला हवी. पण तुझ्या रॅममध्ये दुसरा बफर नाही, आणि ५३६ चा एमएसएस जाहीर केल्यावर टीसीपीची पॅकेटे वाटेत फुटण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तू म्हणशील की इतरांना एक न्याय आणि स्वतःला दुसरा. तसे वाटले तर वाटू दे. फक्त तुकडा आला की तो मोजणारा एक काउंटर ठेव आणि ही उणीव उपकरणाच्या कागदपत्रांत लिही, म्हणजे ती लपवलेली राहणार नाही. सुरुवातीचा सिक्वेन्स क्रमांक मात्र ओळखता येणार नाही असाच निवड. आणि तो कुठूनही सुरू होणार म्हटल्यावर ३२ बिटांची मर्यादा पहिल्या काही पॅकेटांतही ओलांडली जाऊ शकते, तेव्हा दोन क्रमांकांची थेट तुलना न करता वजाबाकीचे चिन्ह पाहा.

आता काम. ड्रायव्हरमध्ये काही ओळी अशा घाल की येणारे आणि जाणारे दर दहातले साधारण एक पॅकेट यादृच्छिकपणे फेकले जाईल, आणि उपकरण रात्रभर तसेच चालू दे. त्यानंतर जोडणी चालू असताना वीज काढून लगेच परत दे. वायरशार्कचे (पॅकेटे टिपणाऱ्या प्रोग्रामचे) कॅप्चर सर्व्हरच्या बाजूने घे. उपकरणाचा लॉग पाठवू नकोस, तुझा स्टॅक स्वतःविषयी काय समजतो त्यात मला रस नाही. वीज परत आल्यानंतरच्या पहिल्या एसवायएनपासून पुढची पॅकेटे मला हवी आहेत, आणि त्यांतल्या आरएसटीचा सिक्वेन्स क्रमांक सर्व्हरच्या पोचेतल्या पोच-क्रमांकाइतकाच आहे की नाही, हे पाठवण्याआधी स्वतः पडताळून पाहा.