वाचकांचे प्रश्न : मॅमोग्राफी विभागाचे प्रमुखपद आणि त्याची पात्रता

प्रश्न : मी नागपुरातील एका सार्वजनिक रुग्णालयात नऊ वर्षांपासून कंत्राटी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. बारावी विज्ञाननंतर रेडिओग्राफीची दोन वर्षांची पदविका घेतली. गेली चार वर्षे मॅमोग्राफीचे (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे) बहुतेक काम माझ्याकडेच आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने तिकडच्या एका सरकारी रुग्णालयाची ‘लीड मॅमोग्राफी टेक्नॉलॉजिस्ट’ या पदाची जाहिरात मला पाठवली. असे पद आपल्याकडे असते का, त्यासाठी कोणते शिक्षण लागते, आणि वयाच्या ३६व्या वर्षी मी पदवीच्या मागे लागावे का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, त्या जाहिरातीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्यामागचा कायदा समजला की आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते आपोआप दिसेल. अमेरिकेत १९९२ साली मॅमोग्राफीच्या दर्जासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार रेडिओग्राफीचा परवाना किंवा प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञालाही मॅमोग्राफीचे ४० तासांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यात किमान २५ तपासण्या पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली कराव्या लागतात. पुढेही सुटका नाही : २४ महिन्यांत २०० तपासण्या आणि ३६ महिन्यांत सतत शिक्षणाचे १५ तास भरावेच लागतात. तिथे ‘लीड’ म्हणून जी व्यक्ती नेमली जाते तिच्याकडे बहुधा यंत्राच्या नियमित चाचण्या, त्यांच्या नोंदी आणि नव्या सहकाऱ्यांचे प्रशिक्षण सोपवलेले असते. म्हणजे ते पद ज्येष्ठतेपेक्षा जबाबदारीचे आहे.

आपल्याकडे मॅमोग्राफीपुरता असा स्वतंत्र कायदा नाही, आणि शासकीय जाहिरातीत ‘प्रमुख मॅमोग्राफी तंत्रज्ञ’ असे पदनाम शोधत बसलात तर हाती फारसे काही लागणार नाही. भरती होते ती क्ष-किरण तंत्रज्ञ, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी किंवा केंद्रीय संस्थांमध्ये रेडिओग्राफी तंत्रज्ञ आणि तांत्रिक अधिकारी अशा नावांनी. एकदा रुजू झाल्यावर मॅमोग्राफीची खोली कोणाच्या ताब्यात द्यायची हे विभागप्रमुख ठरवतात. नागपुरात तर एकाच शहरात तीन-चार वेगवेगळी दारे आहेत. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची, डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, मिहानमधील एम्स केंद्र सरकारचे, आणि महानगरपालिकेची भरती पुन्हा निराळी. प्रत्येकाचे सेवाप्रवेश नियम वेगळे असल्यामुळे एका जाहिरातीतली पात्रता दुसरीला लावून मोकळे होऊ नका. एकाच नावाच्या पदाला एके ठिकाणी पदविका पुरते आणि दुसरीकडे पदवी मागतात, किंवा पदविकेला अनुभवाच्या वर्षांची जोड मागतात, असे नेहमी घडते.

आता शिक्षण. आपली पदविका मान्यताप्राप्त संस्थेची असेल तर ती वाया गेलेली नाही. मात्र २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने दोन पायऱ्या आखल्या आहेत हे लक्षात घ्या. दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण झालेल्यांची एक पायरी, आणि तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण झालेल्यांची दुसरी. क्ष-किरण आणि प्रतिमांकन तंत्रज्ञान या कायद्याच्या कक्षेत येते. जिथे इतरांच्या कामावर देखरेख अपेक्षित आहे अशा जागांसाठी पुढे पदवीचा आग्रह वाढत जाईल, असा माझा कयास आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी, किंवा रेडिओग्राफीतील बी.एस्सी., हे दोन सरळ मार्ग आहेत. घरबसल्या पदवी देणाऱ्या जाहिरातींकडे मात्र ढुंकूनही पाहू नये, कारण या विषयाचा अर्धा अभ्यास यंत्रासमोर उभे राहून करायचा असतो आणि निवड समितीलाही ते ठाऊक असते.

पण आपले वय ३६ आहे, आणि इथे मी पदवीपेक्षा दिनदर्शिकेकडे आधी पाहीन. राज्य शासनाच्या सरळसेवेत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. आपण खुल्या प्रवर्गात असाल तर तीन वर्षांची पूर्णवेळ पदवी पूर्ण होईपर्यंत ते दार बंद झालेले असेल. कंत्राटी सेवेबद्दल वयात सवलत त्या-त्या जाहिरातीत लिहिलेली असेल तरच धरावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. तेव्हा पदविकेवर ज्या जागांना अर्ज करता येतो तिथे येत्या दोन वर्षांत एकही भरती सोडू नका. महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडील नोंदणी, संगणकाचे एमएस-सीआयटी, अधिवास आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र हे कागद आजच एका फायलीत लावून ठेवा. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी एका प्रमाणपत्रासाठी धावाधाव करणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले आहेत.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपले खरे भांडवल तिथे आहे. ‘सदर कर्मचारी नऊ वर्षे क्ष-किरण विभागात कार्यरत आहेत’ एवढाच दाखला मिळाला तर आपली चार वर्षांची मॅमोग्राफी कागदावरून पुसली गेली असे समजा. दाखल्यावर मॅमोग्राफी हा शब्द, कालावधी, यंत्राचा प्रकार आणि सोपवलेल्या जबाबदाऱ्या स्पष्ट लिहून घ्या, आणि आज पदावर असलेल्या विभागप्रमुखांकडूनच घ्या. बदली झाली की तेच कागद मिळवायला वर्ष जाते.

त्या जबाबदाऱ्या कोणत्या, तर पहिली अर्थातच चित्र. प्रत्येक बाजूची दोन प्रमाण चित्रे आपण काढता, एक वरून आणि एक तिरके. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसतो का, स्तनाखालची घडी उघडलेली आहे का, हे आपण पाहतच असाल. तिरक्या चित्रात स्तनाग्रापासून स्नायूपर्यंत काटकोनात मोजलेले अंतर आणि वरून घेतलेल्या चित्रातले मागच्या कडेपर्यंतचे अंतर यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर मागचा भाग सुटला, हेही माहीत असेल. प्रमुख होणारी व्यक्ती एवढ्यावर थांबत नाही. परत काढावे लागलेले प्रत्येक चित्र ती वहीत नोंदवते : तारीख, उजवी की डावी, कोणते चित्र, कारण. ‘उजवी, तिरके, खालची घडी उघडली नाही.’ अशा तीन महिन्यांच्या ओळी एकाखाली एक वाचल्या की चूक यंत्राची आहे, एखाद्या सहकाऱ्याच्या हाताची आहे की घाईची, हे लपत नाही. अमेरिकेतील नियमांत पुनरावृत्तीचे हे विश्लेषण दर तिमाहीला करावे लागते आणि प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक बदलले तर कारण शोधावे लागते. आपल्याला कोणी सांगण्याची वाट पाहू नका, साधी रेघांची वही पुरते.

नागपूरच्या मे महिन्यात त्या वहीत एक कारण हमखास दिसते, ते म्हणजे पावडर. पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना काटोलहून एसटीने आलेली बाई काखेत घामोळ्यांची पावडर लावूनच येते, आणि पावडरीचे कण चित्रात बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. कर्करोगाच्या काही प्रकारांत दिसणारे कॅल्शियमचे कणही तसेच बारीक आणि पांढरे असतात. मग पुसायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा दाबायचे. खोलीत ओला रुमाल ठेवण्याची आणि तपासणीआधीच विचारून घेण्याची सवय विभागाला लावणे हेच प्रमुखाचे काम आहे, आणि ते कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत.

यंत्राचेही तसेच आहे. सेलेनियमचा डिटेक्टर (क्ष-किरण टिपून चित्र बनवणारा भाग) असलेल्या डिजिटल यंत्राला तापमानाचे मोठे चढउतार सोसत नाहीत. माझ्या नोकरीच्या काळात एका रुग्णालयात (नावाला महत्त्व नाही) विजेची बचत म्हणून शनिवारी दुपारी वातानुकूलन बंद करण्याचा हुकूम निघाला आणि सोमवारच्या चित्रांत डाग दिसू लागले. दुरुस्तीवाला आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न खोलीच्या तापमानाचा विचारला, आणि आमच्याकडे त्याची एकही नोंद नव्हती. लेखी नोंद असती तर तो हुकूम त्याच आठवड्यात मागे घ्यायला लावता आला असता. तेव्हापासून तापमानाचा तक्ता दाराच्या मागे टांगलेला असावा, असा माझा हट्ट आहे.

विकिरण सुरक्षेची बाजू परमाणु ऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. मॅमोग्राफी यंत्र मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवावे लागते, त्याची दर्जा चाचणी ठरावीक मुदतीत करावी लागते, आणि आपला टीएलडी बॅज (अंगावर पडलेल्या विकिरणाची नोंद ठेवणारा बिल्ला) दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी जातो. कर्मचाऱ्यासाठी विकिरणाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे विकिरण मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट इतकी आहे. मॅमोग्राफीत शिशाच्या काचेमागे उभे राहून काम करणाऱ्याची नोंद त्याच्या जवळपासही जात नाही. पण मुलाखतीत हे आकडे विचारतात, आणि ‘बॅज ड्रॉवरमध्ये असतो’ हे उत्तर ऐकून मी स्वतः उमेदवार नापास केले आहेत. विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका. माझ्या मते आपल्यासारख्या उमेदवाराला पदवीखालोखाल उपयोगी पडणारा कागद तोच आहे.

आणखी एक गोष्ट अमेरिकेच्या जाहिरातीत आपल्याला सापडणार नाही. तिथे तपासणीला येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास नसतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची प्राथमिक तपासणी हाताने केली जाते, मॅमोग्राफीने नव्हे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात आपल्या यंत्रासमोर उभी राहणारी बाई बहुतेकदा गाठ हाताला लागल्यावर, आणि दोन-चार महिने घरात लपवल्यावर आलेली असते. ती आधी विचारते, ‘लय दुखते का जी?’ आणि मग दुसरे काही विचारायचे धाडस करत नाही. अहवालात शून्य श्रेणी आली, म्हणजे आणखी चित्रे हवीत, तर तिला पुन्हा बोलावणे म्हणजे तिची आणि सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी पुन्हा बुडवणे. म्हणून ती कपडे बदलून बाहेर पडण्याआधीच चित्रे रेडिओलॉजिस्टला दाखवून घेण्याची पद्धत आपण बसवली असेल, तर मुलाखतीत तेच सांगा. आणि परत बोलावलेल्यांपैकी कोण आल्या नाहीत याची यादी आपण ठेवत असाल, तर तीही सोबत न्या. यादीतली नावे अर्थातच झाकून.

प्रश्न : मी पुरुष तंत्रज्ञ आहे. मॅमोग्राफीत मला पुढे जाता येईल का, की हे क्षेत्र स्त्रियांसाठीच राखीव आहे? — एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची तंत्रज्ञाची पात्रता स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. व्यवहारात मात्र आपल्याकडील बहुतेक रुग्णालये हे काम स्त्री तंत्रज्ञाकडेच देतात आणि रुग्ण स्त्रीची अपेक्षाही तीच असते, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. स्त्री तंत्रज्ञ नसलेल्या पाळीत आपल्याला तपासणी करावी लागली तर तिला आधी विचारा आणि खोलीत स्त्री परिचर असल्याशिवाय हात लावू नका. आपल्याला पुढे जायचेच असेल तर दर्जा चाचण्या, फँटमच्या (चाचणीसाठी स्तनाऐवजी ठेवायच्या नमुना ठोकळ्याच्या) चित्रांचे मूल्यमापन आणि प्रतिमा साठवण प्रणाली ही बाजू पकडा. तिथे मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते.

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीनंतर ‘सहा महिन्यांत मॅमोग्राफी तंत्रज्ञ’ असा एका खासगी संस्थेचा अभ्यासक्रम सुचवला जात आहे. शुल्क भरावे का? — एक पालक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : भरू नये. वर सांगितलेल्या कायद्यातली खालची पायरीही दोन वर्षे आणि २,००० तासांची आहे, सहा महिन्यांत ती गाठता येत नाही. मॅमोग्राफी ही रेडिओग्राफीवर चढवायची कौशल्याची पायरी आहे, तिच्याऐवजी घ्यायची नाही. मुलीला पूर्ण पदवीला घाला, आणि प्रवेशाआधी संस्थेकडे विद्यापीठाच्या संलग्नतेचे चालू वर्षाचे पत्र व विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात जातात हे लेखी मागा. जी संस्था रुग्णालयाचे नाव सांगताना अडखळते, तिच्या कार्यालयातून चहा न घेताच बाहेर पडा.