शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके भेट द्यायची आहेत. कोणती द्यावीत, आणि मुलांनी ती वाचावीत यासाठी काय करावे?

आपण लिहिले आहे की माजी विद्यार्थ्यांच्या गटाने वर्गणी काढून शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यायचे ठरवले आहे. कोणती पुस्तके निवडावीत आणि ती पडून राहू नयेत म्हणून वाचन स्पर्धा ठेवली तर उपयोग होईल का, असे आपण विचारता. पुस्तकांच्या याद्या देणारे आपल्याला पुष्कळ भेटतील. मी नोकरीची सगळी वर्षे शालेय ग्रंथपाल म्हणून काढली आहेत, आणि त्या आधारावर सांगते की यादीकडे वळण्यापूर्वी मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारा. कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि एखादे पुस्तक हरवले तर त्याची किंमत कोणाकडून वसूल होते? आपण दिलेली पुस्तके मुलांच्या हाती पडतील की नाही, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

शाळेत आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक मिळतो आणि तेव्हापासून ते संस्थेची मालमत्ता होते. वर्षअखेरीस पडताळणी होते, आणि जी पुस्तके सापडत नाहीत त्यांचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. जिथे ग्रंथपालाचे पदच नाही, तिथे तो जाब अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या एखाद्या शिक्षकाला द्यावा लागतो. ज्याच्या पगारातून पुस्तकाची किंमत कापली जाऊ शकते, तो माणूस कपाटाला कुलूप लावणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली आणि ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे पहिले सूत्र समजावताना युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत असत त्याची आठवण दिली. तेव्हा पुस्तके दुर्मीळ होती, म्हणून साखळीला काही कारण तरी होते. आज छापील पुस्तकाची दुसरी प्रत सहज मिळत असताना शाळांतून कुलूप टिकून आहे, कारण आपण पुस्तकाचा हिशेब ठेवतो, वाचनाचा ठेवत नाही.

आपला प्रश्न वाचून मला जो प्रसंग आठवला, तो सविस्तर सांगते.

आमच्या शाळेत एका देणगीदारांनी थोर लेखकांच्या समग्र साहित्याचे कातडी बांधणीचे संच दिले होते, आणि ते ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात दर्शनी भागी ठेवलेले असत. त्याच सुमारास मी खरेदीतून कीटकांवरचे एक सचित्र पुस्तक घेतले होते. सातवीतल्या एका मुलाने ते पुस्तक पुन्हा पुन्हा नेले. हा मुलगा भाषेच्या तासाला उभे करून वाचायला सांगितले की गप्प राहायचा, आणि त्याला वाचता येत नाही असा वर्गात सर्वांचा समज होता. वर्ष संपताना पुस्तक परत आले तेव्हा त्याची शिवण उसवली होती, मुखपृष्ठ वेगळे झाले होते आणि आतल्या चित्रांशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणे होती. भुंग्याच्या एका चित्रापाशी ‘पंपामागे, पावसानंतर’ असे लिहिलेले होते. एका कोळ्याशेजारी ‘हा कीटक नाही, पाय आठ’ असे लिहून मूळ मजकुरातली तीच ओळ अधोरेखित केलेली होती. त्याने मजकूर वाचला होता, आणि नुसता वाचला नव्हता तर बाहेर जाऊन पडताळून पाहिला होता.

आमच्या पर्यवेक्षकांनी पुस्तक पाहिले आणि दोन आदेश दिले: पालकांकडून पूर्ण किंमत वसूल करायची, आणि त्या मुलाला पुढच्या वर्षी पुस्तक घरी द्यायचे नाही. मी दोन्हींना नकार दिला. प्रकरण शाळा समितीपुढे गेले. त्या बैठकीला जाताना मी दोन पुस्तके बरोबर नेली, एक काचेच्या कपाटातल्या संचाचा खंड आणि दुसरे हे फाटलेले. ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर परत करण्याच्या तारखांचे शिक्के मारण्यासाठी एक पट्टी चिकटवलेली असते. खंडातली पट्टी चिकटवली त्या दिवसाइतकीच कोरी होती. कीटकांच्या पुस्तकातली पट्टी भरून गेल्यामुळे तिच्यावर मी दुसरी चिकटवली होती आणि तीही खालपर्यंत आली होती. दोन्ही पुस्तके शेवटचे पान उघडून मी टेबलावर ठेवली आणि विचारले की यांपैकी कोणत्या पुस्तकावरचा खर्च वाया गेला.

पर्यवेक्षकांचे म्हणणे असे होते की पुस्तक ही संस्थेची मालमत्ता आहे, ती जपणे हे ग्रंथपालाचे पहिले कर्तव्य आहे, आणि एका मुलाला सूट दिली की उद्या सगळेच पुस्तके फाडतील. मी उत्तर दिले की वापराने झिजलेले पुस्तक आणि खोडसाळपणाने फाडलेले पुस्तक यांतला फरक ज्याला हाताळूनही कळत नाही, त्याने ग्रंथालयाचे नियम करू नयेत. शब्द कडक होते, पण आजही मी ते मागे घेणार नाही. समितीने निर्णय दिला तो अर्धा माझ्या बाजूने होता. किंमत वसूल झाली नाही, मुलावरची बंदी उठली, फाटलेल्या प्रतीचे रीतसर निर्लेखन होऊन, म्हणजे ती नोंदवहीतून कमी होऊन, नवी प्रत आली. परंतु यापुढे हरवणाऱ्या पुस्तकांची जबाबदारी ग्रंथपालावरच राहील, असाही ठराव त्याच बैठकीत झाला. तरीही मी पुढच्या वर्षी गोष्टींची आणि विज्ञानाची कपाटे मधल्या सुट्टीत उघडी ठेवू लागले. काही पुस्तके गेली, त्यांतली काही शाळा सोडण्याच्या वेळी दप्तरातून परत आली, आणि बाकीच्यांची किंमत मी भरली. देव-घेवीच्या नोंदी मात्र इतक्या वाढल्या की एका वर्षाची वही वर्षभर पुरेना.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे मला विचारले जाते, जणू तो शास्त्रज्ञ झाला असेल तरच माझी बाजू खरी ठरेल. तो कीटकांवरून पक्ष्यांकडे गेला, पक्ष्यांवरून प्रवासवर्णनांकडे गेला, आणि शाळा सोडेपर्यंत वाचत राहिला. शालेय ग्रंथालयाचे काम एवढेच असते आणि ते पुरेसे आहे.

आता वाचन स्पर्धेविषयी. कृपया ठेवू नका. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या खेळाच्या वेळी, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्र काढलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना आढळली. हा प्रयोग चित्रांवरचा आहे, वाचनावरचा नाही, हे मान्य. पण ‘सर्वाधिक पुस्तके वाचणारा विद्यार्थी’ अशी बक्षिसे मी जवळून पाहिली आहेत, आणि तिथे सर्वांत बारीक पुस्तके सर्वांत आधी संपतात. सक्तीच्या सारांशवहीचेही तेच होते. आमच्याकडे ती वहीही त्याच पर्यवेक्षकांनी सुरू केली होती, आणि तपासायला घेतल्यावर एकाच पुस्तकाचे अनेक सारांश शब्दशः सारखे निघत, कारण सगळ्यांनी ते मलपृष्ठावरून उतरवलेले असत. ज्या मुलाला प्रत्येक पुस्तकाबद्दल लेखी जबाब द्यावा लागतो, ते मूल दुसरे पुस्तक घेताना कचरते. मोठी माणसे आवडीने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून सही घेत फिरत नाहीत. मग मुलांकडूनच ही अपेक्षा का?

मुले वाचू लागतात ती वेळ मिळाला, निवड मिळाली आणि सोबत मिळाली तर. वेळ म्हणजे वेळापत्रकातला ठरलेला तास, जो परीक्षा जवळ आल्यावर गणिताला दिला जाणार नाही. निवडीमध्ये पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही येतो, आणि आठवीतल्या मुलाने चौथीच्या मुलांसाठीचे पुस्तक घेतले तर त्याला कोणी हसणार नाही याची हमीही येते. सोबतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मुले मित्राने वाचलेले पुस्तक मागतात, म्हणून शंभर पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा मुलांत बोलबाला झालेल्या पुस्तकांच्या तीन-चार प्रती घेणे अधिक फळते. शिक्षकांनी रोज थोडा वेळ वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे आणि उत्कंठेच्या जागी थांबावे. त्या दिवशी ते पुस्तक ग्रंथालयात राहत नाही. पुस्तके कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडली तरी मागणी बदलते, आणि त्याला काही खर्चही येत नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे वळायचे तर, घरातली जुनी पुस्तके गोळा करून देऊ नका. देणगीच्या खोक्यांतून मागच्या अभ्यासक्रमांची मार्गदर्शके आणि कालबाह्य कोश निघतात. 2006 साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला बटुग्रह ठरवले, तरी नऊ ग्रह शिकवणारी पुस्तके दान म्हणून येत राहिली. सोव्हिएत संघ 1991 साली विसर्जित झाला, तरी तो दाखवणारे नकाशे मी भेट म्हणून स्वीकारले आहेत, कारण देणगीदाराला नाही म्हणायची पद्धत नसते. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे रंगनाथन यांचे पाचवे सूत्र आहे, आणि जे वाढते त्यातून जुने काढूनही टाकावे लागते. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या 2002 सालच्या शालेय ग्रंथालयांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत दर विद्यार्थ्यामागे 10 पुस्तके हे वाजवी प्रमाण मानले आहे, सर्वांत लहान शाळेतही किमान 2,500 उपयुक्त आणि अद्ययावत ग्रंथ असावेत असे म्हटले आहे, आणि साठ्यातला किमान 60 टक्के भाग अभ्यासक्रमाला पूरक अशा माहितीपर पुस्तकांचा असावा असे सुचवले आहे. शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही, कारण ज्या शाळेत मुले अजून वाचतच नाहीत तिथे आधी गोष्टी आणि चित्रमय पुस्तके हवीत. पण माहितीपर पुस्तकांकडे दुर्लक्ष होते हेही खरे आहे, आणि वर सांगितलेला मुलगा कथेच्या पुस्तकाने वाचनाकडे आला नव्हता.

दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्या मुलाला अक्षरे जोडून शब्द वाचताच येत नाही, त्याला उघडे कपाट देऊन भागत नाही. त्याला आधी वाचन शिकवावे लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन मंडळाने 2000 साली अहवाल दिला, त्यात मार्गदर्शनाविना होणाऱ्या मूकवाचनाने वाचनकौशल्य वाढते असे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा मिळाला नाही, असे नमूद आहे. म्हणून वाचनाच्या तासाला शिक्षकांनी वर्गात फिरत राहावे, अडलेल्या मुलाजवळ बसावे. आणि ज्या शाळेत एखाद्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि दुसरी येण्याची शक्यता नाही, तिथे ती जपण्याचा आग्रह धरणारा माणूस पुढच्या मुलाच्या हक्काविषयी बोलत असतो, एवढे मी पर्यवेक्षकांच्या बाजूने मान्य करते.

तेव्हा वर्गणी देण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या. भेट दिलेल्या पुस्तकांपैकी दरवर्षी वीसांत एक पुस्तक हरवले किंवा झिजले तर त्याचे निर्लेखन होईल, आणि त्याबद्दल ग्रंथपाल किंवा पालक यांच्याकडून काही वसूल केले जाणार नाही. ही पुस्तके मधल्या सुट्टीत उघड्या कपाटात राहतील. आणि प्रत्येक वर्गाला आठवड्यात वाचनाचा एक तास मिळेल. तिन्ही मान्य झाल्यास रकमेचा अर्धाच भाग आता द्या, आणि त्याची पुस्तके ग्रंथपालाला व मुलांना निवडू द्या. वर्षानंतर शाळेत जाऊन पुस्तकांची शेवटची पाने उघडून पाहा. ज्या पट्ट्या भरलेल्या दिसतील त्या पुस्तकांच्या जादा प्रती आणि त्यांच्या जवळपासच्या विषयांवरची पुस्तके उरलेल्या अर्ध्या रकमेतून घ्या. मुख्याध्यापक लेखी द्यायला तयार नसतील, तर तीच वर्गणी ज्या शाळेत कपाटे उघडी आहेत तिथे द्या, मग ती आपली शाळा नसली तरी चालेल.